धुऊन, पॉलिश करूनही गाडीच्या रंगावर जाळी आणि डाग परत का येतात: क्रमाने तपासणी

गाडी पॉलिश करून आणली की महिनाभर झकास दिसते, आणि मग तिरप्या उन्हात बोनेटवर तीच बारीक जाळी पुन्हा उमटते. अशा वेळी बहुतेक जण गाडी परत पॉलिशला टाकतात आणि नुकसान तिथेच वाढतं. पॉलिश करताना रंगावर काही चढत नाही. सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ओरखड्याच्या तळापर्यंत झिजवला जातो. कारखान्यातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून अंदाज घ्या. उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारा थर हाच आणि तो परत वाढत नाही.

म्हणून खालचा क्रम पाळा. जाळी बहुतेक वेळा धुताना आणि पुसताना पडते, त्यामुळे तपासणीही तिथूनच सुरू होते. मशीन हातात घेण्याची पाळी सर्वांत शेवटी येते आणि बऱ्याच गाड्यांवर येतही नाही.

आधी लक्षणं

गाडी धुऊन, पूर्ण वाळवून सावलीत उभी करा. मोबाईलचा टॉर्च रंगापासून हातभर अंतरावर धरा आणि हळूहळू सरकवा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात यातलं निम्मंही दिसत नाही.

- टॉर्चच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल जाळी: धुण्या-पुसण्याचे ओरखडे.
- एकाच दिशेने गेलेले लांब, सरळ ओरखडे: कोरड्या फडक्याने झाडलेली धूळ, वाऱ्यावर हलणारं कव्हर, नाहीतर ब्रशवाल्या स्वयंचलित धुलाईचा परिणाम.
- उजेड सरकवला की लाटांसारखे हलणारे धुरकट पट्टे: पॉलिशवाल्याच्या मशीनच्या खुणा. यांना होलोग्राम म्हणतात.
- पांढरट कडा असलेले गोल डाग: वाळलेल्या पाण्यातले क्षार.
- दिसायला स्वच्छ, पण हाताला खरखरीत: रंगात रुतलेले कण.
- हलक्या रंगाच्या गाडीवर बारीक नारिंगी-तपकिरी ठिपके: गंजू लागलेले लोखंडाचे कण.
- एकाच जागी उतरलेली चमक किंवा सुरकुती: पक्ष्याची विष्ठा, किडे, झाडाचा चीक.
- पांढरे पापुद्रे किंवा कडेने सुटत चाललेला थर: क्लिअर कोट संपला. मधलं सगळं सोडून थेट शेवटचा भाग वाचा.

रंगावर संत्र्याच्या सालीसारखा किंचित उंचसखलपणा दिसला तर तो दोष समजू नका. कारखान्यातल्या फवारणीतच तो येतो. तो घालवण्यासाठी रंग घासणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

जाळीबद्दल एक गैरसमज मात्र काढायला हवा. ती गोल दिसते, पण ओरखडे गोल नसतात. ते सगळ्या दिशांना पसरलेले असतात. उजेडाच्या बिंदूभोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. टॉर्च हलवला की जाळीही हलते ती यामुळेच. 'गोल हात फिरवला म्हणून जाळी पडली' हे त्यामुळे अर्धवटच खरं. सरळ हात फिरवल्याने ओरखडे एका दिशेत येतात आणि कमी कोनांतून दिसतात इतकंच. ते टळतात ते हात आणि रंग यांच्यामधला कण निघून गेला तरच.

एक पैसाही न लागणाऱ्या तपासण्या

पहिला प्रश्न: धुण्याच्या मधल्या दिवसांत गाडीवर कोरडा फडका फिरतो का? फिरत असेल तर जाळीचं कारण सापडलं. धुळीतली वाळू मुख्यतः क्वार्ट्झची असते आणि क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतं. फडका मऊ असून उपयोग नाही, कारण ओरखडा कण काढतो आणि फडका त्या कणावर दाब देतो. मेण लावलेला लांब धाग्यांचा डस्टरही याला अपवाद नाही. धूळ दिसली तर ती तशीच राहू द्या. नुसती पडून असलेली धूळ ओरखडे काढत नाही. काच पुसा, रंग नको. गाडी रोज दुसरं कुणी पुसत असेल तर त्यांना एवढंच सांगा: पाणी मारायला हरकत नाही, कोरडं पुसू नका.

दुसरं, कव्हर. स्वच्छ गाडीवर, बंदिस्त जागेत कव्हर ठीक. धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला, की कव्हर दिवसभर पॉलिशपेपरचं काम करतं. उघड्यावर ठेवायची असेल तर सैल कव्हरपेक्षा कव्हर नसलेलं बरं.

तिसरं, धुण्याची वेळ. बोनेटवर तळहात ठेवा. चटका बसला किंवा नुसता गरमपणा जाणवला तरी पाणी लावू नका. गरम पत्र्यावर शॅम्पू आणि पाणी धुवून काढायच्या आत वाळतं आणि डाग तिथेच धरतात. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, सावलीत, इंजिन थंड झाल्यावर धुवा. पर्याय नसेल तर एका वेळी एकच भाग घ्या: लावा, धुवा, पुसा, मग पुढचा.

चौथं, पक्ष्याची विष्ठा किती वेळ राहते. ती आम्लधर्मी असते. शिवाय उन्हात रंगाचा थर प्रसरण पावतो, विष्ठा वाळून कडक होते आणि संध्याकाळी थर आकसताना त्या कडक खपलीभोवती बसतो. काही तासांत कायमचा ठसा उमटू शकतो. ती नखाने किंवा कोरड्या कागदाने खरवडू नका. ओला फडका पाच-दहा मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. चोळायचं नाही. मागच्या सीटच्या खिशात पाण्याची फवारणी-बाटली आणि मायक्रोफायबरचा (अतिबारीक कृत्रिम धाग्यांचा) एक फडका ठेवला की हे काम जिथे गाडी उभी असेल तिथेच उरकतं.

बादली, शॅम्पू, हातमोजा

धुण्याची पद्धत बदलली की बहुतेक गाड्यांवर नवी जाळी पडणं थांबतं. जुनी तशीच राहते, हे लक्षात ठेवा, नाहीतर दोन आठवड्यांत 'फरक पडला नाही' असं वाटेल. फरक पाहायचा असेल तर आज बोनेटचा एक भाग टॉर्चखाली टिपून ठेवा आणि दोन महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा पाहा.

आधी चाकं. त्यांच्यासाठी बादली, ब्रश आणि फडका वेगळा हवा, आणि या वस्तू रंगाकडे कधीच जाता कामा नयेत. ब्रेक पॅडमधून उडणारी धूळ म्हणजे धातूचे धारदार कण. चाकं शेवटी धुतली तर त्यांचे शिंतोडे नुकत्याच स्वच्छ केलेल्या दारांवर येतात.

मग नुसतं पाणी, वरून खाली, भरपूर. प्रेशर वॉशर असेल तर पंख्यासारखा पसरणारा, २५ ते ४० अंशांचा नोझल लावा आणि किमान ३० सेंटीमीटर अंतर ठेवा. बारीक झोत जवळून मारला तर दगड लागून उडालेल्या टवक्याच्या कडेखाली पाणी शिरतं आणि रंग उचलतो. स्टिकर आणि पुन्हा रंगवलेल्या भागाबाबत जास्तच जपा. फोम मारायचा असेल तर तीन ते पाच मिनिटं राहू द्या आणि वाळायच्या आत धुवून काढा. हात लावण्याआधी जितका चिखल पाण्याने जाईल तितके ओरखडे कमी. या टप्प्याला कंटाळा करणारे पुढे कितीही महागडा शॅम्पू वापरोत, जाळी पडणारच.

आता दोन बादल्या, प्रत्येकी १५ ते २० लिटरच्या. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. दोन्हींच्या तळाशी ग्रिट गार्ड, म्हणजे छिद्रांची प्लॅस्टिकची चकती, बसवा. खाली बसलेली वाळू त्यामुळे ढवळली जात नाही. हातमोजा शॅम्पूत बुडवा, अर्धं दार किंवा बोनेटचा चौथा हिस्सा धुवा, मग साध्या पाण्याच्या बादलीत ग्रिट गार्डवर घासून पिळा आणि मगच पुन्हा शॅम्पूत घाला. साधं पाणी गढूळ झालं की बदला. गढूळ पाण्यातून फिरवलेला हातमोजा म्हणजे एकाच बादलीचा जुना खेळ.

हातमोजा लांब धाग्यांचा मायक्रोफायबरचा असावा, म्हणजे कण धाग्यांत आत खेचला जातो. स्पंजाचा पृष्ठभाग सपाट असतो. कणाला जायला जागा नाही, तो रंगावर घासत राहतो. हाताचं वजन टाकायचं नाही, मोज्याच्या वजनावरच तो सरकू द्या. क्रम असा: छत, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि सर्वांत शेवटी चाकांमागचा व दारांखालचा पट्टा. त्या खालच्या पट्ट्यासाठी दुसरा हातमोजा ठेवलात तर उत्तम. मोजा जमिनीवर पडला तर तो आजच्यापुरता बाद. झटकून पुन्हा वापरणं चालणार नाही. अडकलेला एक खडा पूर्ण दारावर रेघ ओढायला पुरेसा असतो.

शॅम्पू पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कही नाही असा), गाडीसाठीचाच घ्या. भांडी घासायचं द्रव तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेलं असतं, ते रंगावर संरक्षणासाठी लावलेल्या मेणाचा थरही काढून टाकतं. प्रमाण मोजून घाला: बाटलीवर १:५०० लिहिलं असेल तर १० लिटर पाण्याला २० मिली. जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही, उलट थर राहतो आणि वाळल्यावर पट्टे दिसतात.

पाणी कमी असेल तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुवावा न लागणारा, नुसता पुसून घ्यायचा द्रव, हा चांगला पर्याय आहे, पण फक्त हलक्या धुळीसाठी. १:२५६ प्रमाणाच्या द्रवाला १० लिटर पाण्यात साधारण ४० मिली लागतं. चिखल वाळलेल्या गाडीवर तो वापरू नका.

ब्रशवाल्या स्वयंचलित धुलाईबद्दल फार लिहायची गरज नाही. तुमच्या आधीच्या गाडीचा चिखल त्या ब्रशात असतो. अगदीच नाइलाज असेल तर ब्रश नसलेली, फक्त झोताने धुणारी निवडा. तिची रसायनं मेण लवकर उतरवतात, पण मेण पुन्हा लावता येतं.

पुसताना

धुणं नीट आणि तरी जाळी वाढते आहे, तर संशय थेट टॉवेलवर. इथे चार गोष्टी तपासा.

टॉवेल कशात धुतला जातो? मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुतलं की सुताचे तंतू त्यात अडकतात. फॅब्रिक सॉफ्टनरने धाग्यांवर थर चढतो, पाणी शोषलं जात नाही, आणि मग माणूस नकळत जोर लावून पुसतो. सौम्य द्रव साबण, कोमट पाणी, ब्लीच नाही, सॉफ्टनर नाही, सावलीत वाळवणं, एवढंच. धूळ बसणार नाही अशा झाकणाच्या डब्यात ठेवा. टॉवेलच्या कडेचं लेबल आणि जाड शिलाईही ओरखडे काढू शकते. लेबल कापून टाका.

किती पाणी पुसायचं उरतं? शेवटच्या धुण्याला नळीचं नोझल काढा आणि हळुवार, सलग धार छतावरून सोडा. रंगावर संरक्षक थर असेल तर पाण्याची चादर एकसंध सरकत खाली जाते आणि मागे थोडेच थेंब राहतात. ही दोन मिनिटांची युक्ती पुसण्याचं काम निम्म्यावर आणते.

कसं पुसता? मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल, साधारण ६० बाय ९० सेंटीमीटरचा, पसरून ठेवा आणि दोन टोकं धरून हलकेच ओढा. उभ्या भागावर टिपून घ्या. प्रत्येक भागावर क्विक डिटेलरचे (रंग निसरडा करणाऱ्या तयार द्रवाचे) दोन-तीन फवारे मारले तर टॉवेल घसरतो आणि राहून गेलेला कण चिकटून बसत नाही. चामड्याच्या शॅमीचा दोष स्पंजासारखाच आहे: सपाट पृष्ठभाग.

आणि फटी? आरसे, दरवाजाची हँडलं, नंबरप्लेट, दिव्यांच्या कडा यांत पाणी साठतं आणि दहा मिनिटांनी ओघळतं. आरशाखाली कायम दिसणारी पांढरी रेघ यातूनच येते. ब्लोअर असेल तर आधी फटी फुंकून काढा. नसेल तर पुसून झाल्यावर गाडी थोडी फिरवा आणि ओघळ परत टिपा.

पाणीच दोषी असेल तर

सावलीत धुऊन, लगेच पुसूनही पांढरे डाग पडत असतील तर पाणी तपासा. सोपी चाचणी: काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणावर त्याच पाण्याचे पाच-सहा थेंब टाकून वाळू द्या. ठळक कडा उमटली तर पाणी जड आहे. शॅम्पूला फेस नीट न येणं हीही खूण. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर आकडा थेट कळतो; २००-३०० पीपीएमच्या पुढे थेंब वाळू देणं महागात पडतं. घरातल्या आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाचवून गाडीला वापरण्याचा मोह होतो, पण क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. त्याने चाकं आणि खालचा भाग धुवा, रंगाला लावू नका.

उपाय स्वस्तापासून: पूर्ण धुणं साध्या पाण्याने करा आणि शेवटचा हात चार-पाच लिटर डीमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड पाण्याने फवारा. घरी वॉटर सॉफ्टनर बसवलेला असेल तरी डाग पूर्ण थांबत नाहीत. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम आणतो, क्षारांची एकूण मात्रा फारशी घटवत नाही. सोडियमचे डाग मात्र सहज पुसले जातात, हा त्याचा फायदा.

पडलेले डाग आधी नुसत्या शॅम्पूने धुऊन पाहा. गेले नाहीत तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात मिसळा, मायक्रोफायबर त्यात भिजवून थंड रंगावर एक-दोन मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. क्षार अल्कधर्मी असतात, सौम्य आम्लात विरघळतात, म्हणून हे चालतं. मिश्रण रंगावर वाळू देऊ नका आणि उघड्या धातूच्या भागांपासून दूर ठेवा. त्या जागचं मेणही निघेल, ते नंतर लावावं लागेल. डाग पुसला गेला पण जागी खड्डा जाणवतो, तिरप्या उजेडात कडा दिसते, तर क्षारांनी क्लिअर कोट कोरला आहे. तिथे आणखी व्हिनेगर ओतून काही होणार नाही. तो प्रश्न पॉलिशच्या टप्प्याचा.

साबणाने न जाणारा खरखरीतपणा

धुतलेल्या, ओल्या बोनेटवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. पिशवीमुळे स्पर्श तीव्र होतो आणि एरवी न जाणवणारे कण टोचतात. गुळगुळीत लागलं तर हा भाग सोडून द्या. उगाच क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवू नका.

खरखरीत असेल तर आधी रसायन, मग घासणं. डांबराचे काळे ठिपके टार रिमूव्हरने मऊ करून टिपा. पेट्रोल वापरू नका. मग आयर्न रिमूव्हर थंड, सावलीतल्या रंगावर फवारा. तो लोखंडाच्या कणांशी प्रक्रिया करतो आणि जांभळे ओघळ दिसू लागतात. तीन ते पाच मिनिटांनी, वाळायच्या आत, पूर्ण धुवा. वास उग्र असतो. हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा. जांभळं फारसं झालं नाही तर दुसरा हात मारायची गरज नाही.

उरलेल्यासाठी क्ले बार, बारीक प्रतीचा. अर्धा मीटर चौकोन घ्या, क्ले घसरण्यासाठीचा निसरडा द्रव भरपूर फवारा, क्ले चपटा करून हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवा. सुरुवातीला तो अडखळतो, खरखर ऐकू येते. आवाज थांबला की काम झालं. दर भागानंतर घडी घालून स्वच्छ बाजू बाहेर आणा. जमिनीवर पडलेला क्ले कचऱ्यात टाका, कितीही नवा असला तरी. काळ्या आणि मऊ रंगाच्या गाडीवर क्लेने स्वतःचे पुसट ओरखडे राहतात, त्यामुळे नंतर हलक्या पॉलिशची तयारी असेल तेव्हाच संपूर्ण गाडीवर फिरवा. वर्षातून एक-दोनदा पुरे.

सिमेंटचे शिंतोडे गाडीवर उडाले असतील तर क्ले हातात घेऊ नका. दुसऱ्या रंगाची फवारणी मोठ्या भागावर पसरली असेल तर ते व्यावसायिकाचं काम.

वरचा संरक्षक थर उरलाय का

स्वच्छ बोनेटवर पाणी शिंपडा. गोल, उभट थेंब झाले किंवा पाणी झरझर सरकलं तर थर आहे. पाणी सपाट पसरून रेंगाळलं तर एकतर तो संपला आहे किंवा त्यावर मळ बसला आहे. लगेच नवा थर लावू नका: आधी आयर्न रिमूव्हर आणि शॅम्पू करून पुन्हा पाहा. बऱ्याचदा थेंब परत येतात.

कार्नोबा मेण साधारण एक ते दोन महिने टिकतं, कृत्रिम सीलंट चार ते सहा महिने, सिरॅमिक कोटिंग एका वर्षाहून जास्त. उघड्यावर उभ्या गाडीवर यातला कमी आकडाच धरा. थर पातळ लावा. जाड लावलेलं मेण जास्त टिकत नाही, फक्त पुसताना जास्त घासावं लागतं.

सिरॅमिक कोटिंगवर लिहिलेलं '९एच' पाहून पुष्कळांची फसगत होते. ती पेन्सिलच्या कठीणतेच्या चाचणीतली पायरी आहे, वाळूपुढे ती टिकत नाही. कोटिंगमुळे मळ कमी धरतो, धुणं सोपं होतं, विष्ठा आणि क्षारांना थोडा अडथळा होतो. चुकीच्या फडक्याची जाळी कोटिंगवरही पडते. ओरखड्यांपासून खरं संरक्षण पाहिजे तर पेंट प्रोटेक्शन फिल्म. ती १५० मायक्रॉनच्या घरातली जाड असते आणि तिचे हलके ओरखडे उष्णतेने भरून येतात.

पॉलिश, सर्वांत शेवटी

आधी एक चाचणी, खासकरून ज्यांची जाळी महिन्याभरात परत येते त्यांच्यासाठी. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी मिसळा, नुकत्याच पॉलिश करून आणलेल्या बोनेटच्या कोपऱ्यावर फवारा, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा आणि टॉर्च धरा. पुसल्याबरोबर जाळी दिसली तर ती कधी गेलीच नव्हती. ग्लेझ (तात्पुरती चमक देणारं मलम) आणि काही पॉलिशमधली तेलं ओरखडे भरून टाकतात. चार-पाच धुण्यांत ती निघून जातात. काम परत घेताना गॅरेजमध्येच हा फवारा मारून पाहायला सांगा.

खरंच घासायचं असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन वापरा, म्हणजे ज्याचं पॅड फिरता फिरता हलतंही. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन नवख्या हातात होलोग्राम सोडतं किंवा कडेचा रंग जाळतं. गाडी धुतलेली, कण काढलेली हवी. दारांच्या कडा, रबर आणि प्लॅस्टिकवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंग मुळातच पातळ असतो.

बोनेटवर ४० सेंटीमीटर चौकोन ही चाचणीची जागा. मऊ फोम पॅड, सर्वांत बारीक पॉलिश, वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. कमी वेगात पसरवा, मग सहापैकी चार-पाचच्या वेगावर, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर सरकत, आधी उभे मग आडवे असे चार ते सहा फेरे, प्रत्येक पट्टा निम्मा आधीच्यावर. पुसा, अल्कोहोलचा फवारा मारून पुसा, टॉर्च धरा. समाधान झालं तर संपूर्ण गाडीला हेच. नाही झालं तरच मधल्या कठीणतेचं पॅड, आणि अगदी शेवटी कंपाउंड, म्हणजे जास्त झिजवणारं भरड पॉलिश. उलट क्रमाने, म्हणजे कंपाउंडपासून सुरुवात केली तर जे काम एक-दोन मायक्रॉनमध्ये झालं असतं त्याला दुप्पट-तिप्पट थर जातो.

पॅड प्रत्येक भागानंतर साफ करा. सुटलेला रंग आणि पॉलिशचा चिखल त्यात बसला की पॅडच ओरखडे काढतो. मधूनमधून हात लावून पाहा, रंग कोमट चालेल, गरम नको. प्लॅस्टिकच्या बंपरवर उष्णता निघून जात नाही, तिथे फेरे कमी ठेवा. शंभर टक्के ओरखडे घालवायच्या मागे लागू नका. दहापैकी आठ गेले की थांबणारा माणूस शहाणा. उरलेले दोन खोल असतात आणि त्यांच्यासाठी सगळ्या बोनेटचा थर झिजवावा लागतो.

इथे हात थांबवा

नख ओरखड्यावर आडवं फिरवा. अडकलं तर तो पॉलिशने जाण्याच्या पलीकडे आहे. तळाशी करडा प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर आजच टचअप लावून पाणी थांबवा आणि पेंटिंगवाल्याकडे जा, कारण गंज रंगाखालून पसरतो. रंगाखाली फुगवटा दिसतो त्याचा अर्थ तो आधीच पसरला आहे.

पॉलिश करताना पॅडवर गाडीचा रंग आला तर मशीन बंद करा. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या सिंगल स्टेज रंगावर तो येणारच. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर आला तर तुम्ही वरचा थर पार केला आहे. सुटलेल्या पापुद्र्यांवर, बारीक तडे गेलेल्या ठशांवर कोणतंही मेण, पॉलिश, कोटिंग चालत नाही. तो भाग खरवडून पुन्हा रंगवणं एवढाच मार्ग. मॅट रंगावर पॉलिश अजिबात नाही, चमकलेला डाग परत मॅट होत नाही.

गाडी जुनी घेतलेली असेल, आधी किती वेळा रबिंग झालं ते माहीत नसेल, तर पहिल्या पॉलिशआधी जाडी मोजून घ्या. मीटर पत्र्यावर सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवतो, क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही, आणि साधा मीटर प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. आकडा ८०-९० मायक्रॉनच्या खाली असेल तर घासू नका. बाकी गाडी १२० आणि एकच दार २५० दाखवत असेल तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. तिथे कारखान्याचे अंदाज लागू होत नाहीत.

डिटेलिंगवाल्याकडे गाडी देताना चार गोष्टी विचारा: जाडी मोजणार का, आधी छोट्या जागेवर चाचणी दाखवणार का, कोणतं मशीन आणि शेवटचं पॉलिश कोणतं, आणि धुण्यासाठी बादल्या किती. शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'एक' आलं तर पहिल्या तिन्हींची उत्तरं कितीही चांगली असोत, गाडी परत आणा. एखादा भाग रंगवून घेतलात तर गाडी घेतानाच पेंटिंगवाल्याला विचारा की मेण किंवा सीलंट कधीपासून चालेल. साधारणपणे किमान ३० दिवस थांबावं लागतं, कारण नव्या रंगातले द्रावक बाहेर पडायला वेळ घेतात. तोवर त्या भागाला थंड पाणी, पीएच न्यूट्रल शॅम्पू आणि मऊ टॉवेल. क्ले, अल्कोहोल आणि प्रेशर वॉशर लांबच.